पाळण्यातलं नाव

संजीवनीचे कान लहान होते, हा काही तिचा गुन्हा नव्हता. बारामतीतल्या मोबाइलच्या दुकानांत मात्र तिला गुन्हेगारासारखंच वागवलं गेलं.

पहिल्या दुकानदारानं इअरफोनबरोबर येणारी रबरी टोपणं समोर मांडली. लहान, मधलं, मोठं. त्यातलं लहान तिच्या कानात दोन मिनिटं टिकलं आणि टपकन काउंटरवर पडलं. "सगळ्यांना बसतात हो ताई," तो म्हणाला. म्हणजे खोट वस्तूत नाही, गिऱ्हाइकात! दुसऱ्यानं कापूस गुंडाळून बघायला सांगितलं. तिसऱ्यानं लहान मुलांचा गुलाबी हेडफोन काढून दिला, त्याला वर मांजराचे दोन कान होते. बी.ए. झालेल्या, नऊ वर्षं संसार केलेल्या बाईनं डोक्यावर मांजर लावून कामाला बसायचं!

तिला राग यायचा तो वस्तूचा नाही. कुठंतरी कुणीतरी बसून माणसाच्या कानाचं माप ठरवलं होतं, आणि ठरवताना एकाही बाईच्या कानाकडं ढुंकून पाहिलं नव्हतं. नवऱ्याला, लखनला, हे सांगायला गेलं की तो टोमॅटोचे क्रेट भरता भरता हसायचा. "तुजं कान हायती का डाळिंबाचं दाणं?" म्हणायचा. हसायला काय जातं? काम तिचं अडलं होतं.

काम तसं साधं होतं, पण तिला फार मोलाचं होतं. पुण्यातली एक कंपनी शेतकऱ्यांना फोनवर सल्ला द्यायची. ते फोन रेकॉर्ड व्हायचे आणि संजीवनीसारख्या बायकांनी ते घरी बसून शब्दन् शब्द टाइप करायचे. फोन करणाऱ्याचं नाव कुणाला कळू नये म्हणून कंपनी त्या जागी 'टूं' असा आवाज भरायची. तिथं टाइप करणाऱ्यानं फक्त 'नाव' असं लिहायचं. पहिला महिना परीक्षेचा. शंभर शब्दांत पाचांहून जास्त चुकले की घरी बस. घरी तर ती बसलेलीच होती, काटेवाडीत, पत्र्याच्या खोलीत, एका बाजूला पाण्याची मोटार आणि दुसऱ्या बाजूला रस्त्यावरचे ट्रॅक्टर. मोठे हेडफोन चष्म्याच्या काड्यांवर दाबायचे आणि तासाभरात कपाळ ठणकायचं. कानात घालायचे ते पडायचे. शब्द निसटायचे. पण नेमणुकीच्या कागदावर छापलेलं होतं, 'संजीवनी'. ते नाव तिनं स्वतः मिळवलेलं होतं, त्यामुळं हे काम ती सोडणार नव्हती.

त्या नावाची गोष्ट अशी. इंदापूर तालुक्यातल्या बावड्यात, दोन मुलींच्या पाठीवर ही तिसरी जन्मली. बारशाला आत्यानं, सिंधुबाईनं, रिवाजाप्रमाणे पाळण्यात वाकून कानात 'कुर्रर्र' केलं आणि नाव सांगितलं, नकोशी. असं नाव ठेवलं की पुढचा मुलगा होतो म्हणे. आणि झालाही. दोन वर्षांनी सोपान झाला, मग काय विचारता, आईच्या दृष्टीनं पुरावाच मिळाला! शाळेत आठ वर्षं हजेरीला नकोशी म्हटलं की पोरं खिदळायची. आठवीत गावात सरकारी माणसं आली, असल्या नावांच्या मुलींना गोळा केलं, आणि कुठलं नाव पाहिजे ते विचारलं. तिनं क्षणाचाही विचार न करता सांगितलं. दाखला आला, पेढा मिळाला. आई मात्र अजूनही तिला 'नके' म्हणूनच हाक मारते.

आता सोपानची बायको, विजयमाला, इंदापूरच्या दवाखान्यात बाळंत झाली. तिसरी मुलगी. संजीवनी भेटायला गेली तर आई खाटेशेजारी बसून, बाळाकडं न बघता, म्हणाली, "हिचं नकोशी ठिवायचं. बाराव्या दिशी बारसं."

"आये, तुला लाज वाटत न्हाय?"

"मला काय हौस हाय व्हय? तुज्या पाठीवर सोपान झाला का न्हाय?"

"म्हंजी मी पायरी झाले. माज्यावर पाय ठिवून त्यो आला."

सोपान दाराशी उभा होता. तो चपलेकडं बघत राहिला. विजयमालानं चादरीखालून हात काढून नणंदेचा हात धरला. "वन्सं, कानात तर तुमीच सांगणार न्हवं? आत्या तुमी हाय. त्येवडं माज्या पोरीला वाचवा."

संजीवनी संतापानं बाहेर पडली. बारशाला बाळाच्या कानातल्या बाळ्या आत्यानं घ्यायच्या असतात, म्हणून पेठेतल्या एका जुन्या सोनाराच्या दुकानात शिरली. तात्याबा सोनार. ऐंशीच्या घरातला माणूस, आख्ख्या तालुक्यातल्या पोरांचे कान टोचलेला. त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलंच नाही, आधी कानांकडं पाहिलं.

"हे कान मी टोचल्यात."

"तुमी वळखता मला, तात्या?"

"तोंड न्हाय वळखत. कान वळखतो." तिच्या गळ्यात इअरफोन लोंबकळत होता. तिकडं बोट करून तो म्हणाला, "त्ये बसत न्हाय वाटतं?"

तिनं सगळा राग तिथंच ओकून टाकला. दुकानं, कापूस, मांजराचे कान, सगळं. म्हाताऱ्यानं खालचा खण उघडून नथ ठेवायची असते तसली एक डबी काढली. आत गुलाबी कागदावर इअरफोनची एक जोडी होती. काळी, बारीक वायरीची, कुठल्याही कंपनीचं नाव नसलेली.

"एक बाई ठिवून गेली. ज्याच्या कानाला बसंल त्येला द्या म्हणाली. आजवर कुणाला बसलं न्हाय."

तिनं घातलं. बसलं. बाहेर एस.टी.चा हॉर्न वाजत होता, तो गावाबाहेर गेल्यासारखा झाला. कानात काही आहे हेच कळेना. ना दाब, ना खाज. तिला एकदम रडूच आलं. इतकी वर्षं कुणी तिच्या मापाचं काहीच केलं नव्हतं.

पुढचे तीन दिवस ती हरखून काम करत होती. शंभरात दोन चुका, एक चूक, एकही नाही. म्हशीचं दूध का आटलं, उसाला हुमणी लागली तर काय करायचं, डाळिंबावरचा तेल्या कसा आवरायचा, सगळं शेजारी बसून कुणी सांगावं इतकं स्वच्छ. पाण्याची मोटार चालू आहे की बंद तेही तिला कळायचं नाही. संध्याकाळी लखन जेवायला बोलवायला येऊन खांद्यावर हात ठेवायचा तेव्हा ती दचकायची, कारण कानात वस्तू आहे हे ती विसरून गेलेली असायची.

चौथ्या दिवशी एका माणसाच्या फोनमध्ये 'टूं' वाजलं आणि त्या टूंच्या खाली तिला काहीतरी ऐकू आलं. एक बाई. हलक्या आवाजात, अगदी जवळून.

कुर्रर्र. ज्ञानदेव.

संजीवनीला वाटलं, कंपनीचं यंत्र बिघडलं. नाव झाकायचं ते उघडं राहतंय. पुढच्या फायलीत दुसरी बाई होती, किनऱ्या आवाजाची. कुर्रर्र. पारूबाई. पुढच्या फायलीत तिसरीच. ती प्रामाणिक बाई होती. दिवसभरात ऐकलेली सतरा नावं तिनं वेगळ्या कागदावर टाइप केली आणि वर लिहिलं, 'फायलींत नावं ऐकू येत आहेत, कृपया दुरुस्ती करावी.' आणि पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून तिच्यावरच्या साहेबांचा, रणजित सरांचा फोन आला.

"मॅडम, ही नावं तुम्हाला कुणी दिली?"

"दिली म्हणजे? ऐकू आली. तुमचं यंत्र..."

"आम्ही सगळ्या फायली तपासल्या. तिथं टूंशिवाय काही नाही."

"मग मी काय स्वप्नात ऐकलं? सतराच्या सतरा नावं ठणठणीत ऐकलीत मी!"

"पंधरा बरोबर आहेत. तोच तर प्रश्न आहे. गिऱ्हाइकांची माहिती बाहेर जाते म्हणजे..." त्यांचा आवाज खाली आला. "दोन नावं आमच्या नोंदीत नव्हती. त्या दोघांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, ते आमचं पाळण्यातलं नाव. घरातसुद्धा कुणी घेत नाही. मॅडम, ते तुम्हाला कसं कळलं?"

"चौकशी होईपर्यंत काम बंद," असं ते म्हणाले तेव्हा तिनं फोन आपटला. चोर ठरवतात! इमानदारीनं सांगायला गेलं तर चोर! तिनं लखनला हाक मारली आणि ते इअरफोन त्याच्या कानात कोंबायला गेली. त्याच्या भल्या मोठ्या कानांतही ते बसेनात, टपकन खाली पडले. मग त्यानं बोटांनी दाबून धरले. "टूं हाय," तो म्हणाला. "नुसतं टूं. दुसरं काय न्हाय." आणि तिच्याकडं बघून पहिल्यांदाच हसला नाही.

त्या दुपारी ती एकटी असताना तिनं फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड केला. 'मी संजीवनी. राहणार काटेवाडी.' एवढंच. मग इअरफोन घातले आणि ऐकायला बसली.

मी संजीवनी, ती स्वतः म्हणाली. त्याच्या खाली बांगड्या वाजल्या. मग जीभ टाळूला लावून केलेला 'चक्' असा आवाज आला. सिंधुआत्या बोलायच्या आधी तसंच करायची, मिश्री लावलेलं तोंड साफ करावं तसं. आत्याला जाऊन बारा वर्षं झाली होती.

कुर्रर्र. नकोशी.

पाठोपाठ पाठीवर धपाटे पडल्याचे आवाज, आणि खूप बायकांचं हसू.

भीती नंतर वाटली. आधी वाटला तो संताप. दाखला झाला, पेढा झाला, नोकरीच्या कागदावर छापून झालं, आणि आत अजून तेच! कुणाला न विचारता, बारा दिवसांच्या जिवाच्या कानात एकदा ओतलं की ओतलं. सरकार आलं तरी ते निघत नाही. तिनं ते परत परत ऐकलं, प्रत्येक वेळी पुसून जाईल या आशेनं. गेलं नाही.

मग तिला विजयमालाचं बाळ आठवलं. बाराव्या दिवसाला तीन दिवस उरले होते. जे पहिल्यांदा कानात जाईल तेच राहील, हे आता तिला ठाऊक होतं. आणि सांगणारी ती होती. नाव तिनं त्याच दुपारी ठरवलं. राजलक्ष्मी. चांगलं भरभक्कम, दारात हत्ती झुलावा असं.

बारशाच्या सकाळी ती इंदापुरात उतरली आणि आधी तात्याबांच्या दुकानात गेली. ही वस्तू बाळाजवळ न्यायची नव्हती. काम गेलं तर जाऊ दे. तिनं डबी काचेच्या पेटीवर ठेवली.

"परत घ्या तात्या."

"बसंना व्हय?"

"बसतंय. म्हणूनच."

म्हातारा डबीकडं बघत राहिला. "बसत न्हाय म्हणून परत आणणारे लई. बसतंय म्हणून आणणाऱ्या तुमीच पयल्या." त्यानं हात पुढं केला नाही. "कानाला बसल्याली वस्तू मी परत घेत न्हाय, बाई."

"मग राहू द्या हितंच!" ती म्हणाली आणि बावड्याची गाडी गाठायला निघून गेली. मागं वळून तिनं काचेतून पाहिलं. डबी होती तिथंच होती.

बावड्यात आंगण बायकांनी भरलं होतं. घुगऱ्यांचं पातेलं उतरलेलं, पाळण्याला झेंडूची माळ, वरवंट्याला कुंची घालून सजवलेलं. आई पाळण्याच्या डोक्याशी बसली होती. संजीवनी दिसताच तिनं तिला ओढून बाजूला घेतलं.

"नके, म्हातारीचं ऐक. एकडाव ऐक."

"माझं नाव संजीवनी हाय."

"बरं बाई, संजीवनी. पर पोरीचं नाव मी सांगते त्येच सांग. माज्या सोपानाचा वंश..."

"तुज्या सोपानाला तीन लेकरं हायती. मोज." तिचा आवाज चढला तशा आंगणातल्या बायका गप्प झाल्या. "मला तू पायरी केलीस, हिला करू देणार न्हाय. मी नाव कानात सांगणार न्हाय, वरडून सांगणार हाय. समद्यांनी ऐका."

आई खाली बसली. विजयमाला पाळण्याची दोरी धरून उभी होती. सोपाननं, देव जाणे कुठून धीर आला, फोन काढून व्हिडिओ चालू केला.

वरवंटा पाळण्याच्या खालून गेला, वरून आला. बायकांनी पाळणा म्हटला. मग सगळ्या संजीवनीच्या मागं गोळा झाल्या, धपाटे घालायला.

ती वाकली. बाळ जागं होतं. त्याचे कान लहान होते, तिच्या कानांसारखेच, चिंचोक्याएवढे. तिनं ओठ त्या कानाजवळ नेले. कुर्रर्र केलं. आणि छाती भरून, रस्त्यावर ऐकू जाईल असं, म्हणाली, "राजलक्ष्मी!"

पाठीवर धपाधप हात पडले. बायका हसल्या, कुणीतरी म्हणालं, "लई ग्वाड नाव!" विजयमालानं तिच्या गळ्यात पडून हुंदका दिला. आईनंसुद्धा, तोंड फिरवून का होईना, घुगऱ्या वाटायला घेतल्या. संजीवनीनं पोटभर जेवण केलं. कितीतरी दिवसांनी तिला गोड लागलं होतं. काम बंद पडलं होतं, पण ही एक गोष्ट तिनं होऊ दिली नव्हती.

परतीच्या गाडीत तिला खिडकी मिळाली. शेजारी एक नऊवारीतली म्हातारी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. इंदापूरच्या पुढं गाडी रिकामी झाली, दोन्ही बाजूंनी ऊस सुरू झाला. सोपाननं व्हिडिओ पाठवला होता. तिनं तो लावला, आवाज वाढवून, म्हातारीलाही दिसेल असा धरून.

फोनमध्ये ती स्वतः पाळण्यावर वाकली.

कुर्रर्र.

नकोशी.

तिचा अंगठा जागच्या जागी थांबला. फोनमधल्या बायका हसत होत्या, धपाटे पडत होते.

"आजी," ती म्हणाली, "काय नाव ऐकलं तुमी?"

"राजलक्ष्मी," म्हातारी म्हणाली. "झ्याक ठिवलंय की. कुणाची पोर?"

तिनं परत लावलं.

कुर्रर्र. नकोशी.

तिचं मस्तक भणाणलं. आत्या! मरून बारा वर्षं झाली तरी सोडत नाही! ती वस्तू कानात राहिलीच असणार, बसते इतकी की कळतसुद्धा नाही. तिनं दोन्ही हात कानांकडं नेले, ते इअरफोन उपटून खिडकीबाहेर फेकायला.

बोटांना नुसते कान लागले.

डबी इंदापुरात होती. तिनं स्वतः ठेवली होती, मागं वळून पाहिलीही होती.

तिनं डोळे मिटले आणि तिसऱ्यांदा लावलं. बांगड्या वाजल्या. ती थांबली, जिभेच्या त्या 'चक्' आवाजासाठी.

तो आला नाही.

कुर्रर्र, असं झालं, आणि मग नकोशी, छाती भरून, रस्त्यावर ऐकू जाईल असं. आवाज आत्याचा नव्हता. तिचा स्वतःचा होता.